काटा चाळीसवर होता

लेक : गाडी हलल्यापासून सहा सेकंद वेगाचा काटा शून्यालाच चिकटून होता, बाबा. मग दचकून एकदम तीसवर आला. फोनवरच्या नकाशात तेव्हा वेग सेहेचाळीस दिसत होता.

बाबा : तेवीस वर्षांची झाली गं गाडी.

लेक : काटा आहे की आपला काका? हाक मारली की अर्ध्या तासाने ओ देतो. तो पेचकस द्या. मीटर बाहेर काढते.

बाबा : राहू दे. विकायचीच तर आहे.

लेक : मग घेणाऱ्याला चालता काटा नको? हे बघा. केबल तुटलेली नाही, पिळलेलीही नाही. पण वरपर्यंत ओशट आहे. तेल मीटरच्या आत उतरून घट्ट झालंय. काटा फिरवणारी खालची वाटी मोकळी फिरणार कशी?

बाबा : मीच घातलं होतं. केबल कुरकुरत होती. शिंप्याकडून मशीनचं तेल आणलं आणि वरून अर्धी बाटली ओतली.

लेक : अर्धी बाटली! केबलला तेल नाही, ग्रीस लावतात. तेही बोटभर, खालच्या टोकाला. कधीची गोष्ट?

बाबा : गेल्या वर्षीची.

लेक : अपघाताच्या आधी की नंतर?

बाबा : ते आता कुठे आठवतंय.

लेक : बाबा.

बाबा : आधी. महिनाभर आधी.

लेक : म्हणजे शिंपीकाका सायकलवरून आडवे आले तेव्हाही काटा असाच मागे राहत होता?

बाबा : मी खोटं बोललो नाही. पोलिसांनी वेग विचारला. मी म्हटलं, काटा चाळीसवर होता. होताच.

लेक : आणि गाडी?

बाबा : साठच्या पुढे असेल. वळण संपलं आणि मी जोरात दाबली.

लेक : पण काटा मागे राहतो हे तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं ना?

बाबा : माहीत होतं. रोज दिसत होतं.

लेक : आणि तरी वर्षभर तोंडातून अक्षर नाही?

बाबा : (हातातल्या फडक्याची उगाच घडी करत) सांगायलाच गेलो होतो दवाखान्यात. त्याचा पाय वर टांगलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच हात जोडले. म्हणाला, "दादा, माफ करा. मी बघायला हवं होतं. तुम्हाला उगाच मनस्ताप."

लेक : तुम्ही काय म्हणालात?

बाबा : म्हणालो, "असू दे, होतं असं कधीकधी." माफ केलं मी त्याला. त्याच्या उशाशी बसून.

लेक : शिंपीकाका अजून सगळ्यांना तेच सांगतात, चूक माझीच. आई पडदे शिवायला टाकायला गेली होती ना, तर एका पायाने मशीन रेटत होते. त्यांची बायको म्हणाली, यांना सायकलीला हात लावू देत नाही, स्वतःच्या जिवावर उठलेले आहेत.

बाबा : म्हणून तर मी त्या गल्लीत फिरकत नाही. शर्टाची बटणं तुटली तरी तसाच घालतो.

लेक : आणि गाडीही त्यासाठीच विकताय?

बाबा : दारात दिसते ना सारखी.

लेक : मीटर धुऊन तासाभरात चालू करून देते मी. पुढचं मला नाही दुरुस्त करता येणार.

बाबा : तू धू. मी जाऊन येतो.

लेक : कुठे?

बाबा : शिंप्याकडे. बायको दुकानातच असते त्याची, तिच्यासमोरच सांगतो. चूक त्याची नव्हती, माझी होती. मग जबाब बदलायला पोलिसांकडे जायचंय. तिथे मात्र तू चल बरोबर.