दूध टिकेपर्यंत चार शब्द

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या बालविभागाच्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरच्या मोठ्या सिस्टर, आहारतज्ज्ञ मॅडम (तुम्हाला मुद्दाम शेवटी ठेवलंय) आणि जमलेल्या तमाम आयाबापांनो,

आजचे सत्कारमूर्ती माझ्या खांद्यावर आहेत. माझा भाचा. आत्ताच दूध प्यायलाय, म्हणून उभा धरलाय. अध्यक्षांची अट तुम्हाला ठाऊक आहेच: हे दूध पोटात टिकलं, तरच आज घरी. आणि मी बोलायचा थांबलो की साहेब रडतात, रडले की ओकतात. तेव्हा भाषण लांबलं तर बोल त्यांना लावा!

हा इथे आला तेव्हा काय होता? हृदय अशक्त, दूध ओढतानाच धाप लागायची. जे पोटात जाई ते आंबट होऊन घसा जाळत वर येई. बाटली दिसली की पाठीची कमान! मग भाऊजींनी युक्ती काढली, दूध निम्मं केलं. ओकणं बंद! आम्ही वॉर्डात नाचायचेच बाकी होतो.

वजनकाटा मात्र ढिम्म. मॅडम आल्या. म्हणाल्या, "अहो, पोटात काही असेल तर बाहेर येईल ना? उपाशी ठेवलंत पोराला."

माझं डोकंच फिरलं. "आम्ही काय वैरी आहोत त्याचे?"

"मामा, आवाज खाली. बाळ दचकतंय. आणि गाऊन उलटा घातलाय तुम्ही."

झालं! त्या क्षणी माझी भूक गेली, ती गेलीच. भाच्याची मात्र आली. थोडंथोडं, पण ताकदीचं दूध. तोंडाने जाईल तेवढं तोंडाने, उरलेलं नाकातल्या नळीतून. त्यानंतर खांदा माझा. ताई म्हणते, "कॉलेजात एक तास धड बसला नाहीस, इथे बरा उभा राहतोस!" आता कोणासाठी, हे तिला कोण सांगणार? बघा, मांडीला वळी पडलीय याच्या!

पण मंडळी, हा घरी गेला, तर उद्यापासून मी या दारात कोणत्या तोंडाने यायचं? खरं सांगतो, सकाळी क्षणभर मनात आलं, ओक रे बाबा. छे, छे! ताई, मारू नकोस, बाळ आहे हातात!

ऐकलंत? ढेकर! थेट माइकमध्ये! सिस्टर, हात लावून बघा, खांदा कोरडा ठणठणीत!

काय म्हणालात मॅडम? दर आठवड्याला वजनाला आणायचं? मी आणतो! भाऊजी, तुम्ही बसा खाली.

सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात आगाऊपणा झाला असेल, तर या ढेकराकडे बघून पोटात घाला. मॅडम, तुम्ही मात्र इतक्यात माफ करू नका. पुढच्या आठवड्यात समक्ष येऊन मागेन.