निघालेला मासा

निरीक्षक : काका, तुमचा परवाना रद्द झाला.

सासरे : हे तुम्ही बोललाच नाहीत असं समजू या.

निरीक्षक : बरं, नाही बोललो. पण टोपलीत दोन मासे आणि हातात तिसरा. दिवसाची मर्यादा दोनच.

सासरे : हातातला माझा नाही. तो निघालाय.

सून : वीस मिनिटं झाली निघून. पाहुण्यासारखा दारातच अडकलाय.

सासरे : दम खातोय बिचारा. हात ओले केले, गळ हळूच काढला, पाण्यातच तोंड प्रवाहाकडे धरलं. सगळं नियमात.

निरीक्षक : पुढचाही नियम वाचा. पोहत गेला तर सोडला, मेला तर तुमचा. आणि दोन ताकिदी आधीच झाल्यात.

सून : बाबा, गार पाण्यानं बोटं निळी पडलीत. द्या, मी धरते.

सासरे : तुझ्याकडे परवाना नाही.

सून : साहेब, हात जोडते, यांचा परवाना काढून घेऊ नका हो!

निरीक्षक : तुम्हालाही मासेमारीचा नाद?

सून : मला घराचा नाद. बाबा गोदामातून निवृत्त झालेत. माशांच्या विणीचे दोन महिने नदी बंद, तेव्हा हे घरी. प्रत्येक डब्याला नंबर. मीठ हवं तर सही करा.

सासरे : शिस्त म्हणतात त्याला.

निरीक्षक : आणि साखर?

सून : दोघांच्या सह्या लागतात. नवरा कामावर गेला की चहा बिनसाखरेचा.

निरीक्षक : ...सरका जरा. काका, शेपटीपाशी धरा. पोट दाबू नका.

(निरीक्षक बुटांसकट पाण्यात उतरतो.)

सासरे : कल्ले हलले!

सून : हल रे राजा, माझ्या चहासाठी तरी हल!

निरीक्षक : आता बोटं सैल... आणखी...

सासरे : गेला! वळूनसुद्धा बघितलं नाही मेल्यानं!

सून : सुटले गं बाई!

निरीक्षक : सुटला तो मासा.

सून : तोही सुटला.

सासरे : साहेब, मग परवाना?

निरीक्षक : कसला परवाना? मी तर अजून आलोच नाही. फक्त बूट आलेत, तेही ओले.

सून : जाता जाता तुमच्या वहीत एक अर्ज लिहून घ्याल?

निरीक्षक : सांगा.

सून : 'सबब, माशांनी यंदापासून अंडी घालू नयेत, ही नम्र विनंती.'