प्रॉस्परची पळवलेली कचेरी

नेब्रास्कातल्या आमच्या जिल्हा कचेरीत गाडीच्या नंबरप्लेटसाठी रांग होती. माझ्यापुढे दोघं म्हातारी माणसं: प्रॉस्पर गावचे कुबिक आणि इथल्याच, अल्मीराच्या, आर्डिथबाई.

"कॉफी घ्या, कुबिक. फुकट आहे."

"घरून आणलीय. प्रॉस्परचा माणूस अल्मीरात पाणीसुद्धा पीत नाही."

"अजून? सव्वाशे वर्षं होऊन गेली की!"

"कचेरी आमची होती, बाई. रविवारी अख्खं गाव चर्चमध्ये बसलं असताना तुमच्या पणजोबांनी घोडागाड्या आणल्या आणि सगळी दप्तरं पळवली. तिजोरीसकट."

"मग कुलूप लावायचं होतं."

"शेजारी चोर राहतात हे कुठं ठाऊक होतं!"

"तुमच्या पाद्र्याचे मात्र उपकार हं. प्रवचन इतकं लांबवलं, की आमच्या तीन फेऱ्या झाल्या म्हणे."

"त्याला नंतर हाकलला गावानं."

"बरं, आता खूश व्हा. जानेवारीपासून ही कचेरी बंद. दप्तरं सगळी ब्रॅडनला जाणार, साठ मैलांवर."

"कोण म्हणतं?"

"दारावर कागद लावलाय. चष्मा घाला जरा."

"हं."

"हसा की! तुमचा सूड आयताच पूर्ण झाला."

"कसला सूड? माझ्या आजोबांच्या जमिनीची नोंद आहे त्या दप्तरात."

"माझ्याही आजोबांची आहे."

"द्या ती कॉफी इकडे."

"साखर?"

"दोन चमचे. आणि काय हो बाई, ब्रॅडनचा पाद्री प्रवचनात लांबण लावतो का?"