बैलाचं नाव हाय, माझं न्हाय

काय सांगू तुला बाय, मी जन्मले ती म्हसळ्याच्या आतल्या बाजूला, भाताच्या गावात. बाप मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करायचा, पाणी भरायचा, तिथंच ख्रिस्ती झाला, मग आम्ही सगळेच झालो. रविवार आला की बाप धुतलेला सदरा घालून देवळात, आणि लावणीचे दिवस असले की आई चिखलात, कारण भाताचा आवा, ती लावायची रोपं, काय रविवार बघून थांबत न्हाय. मी लहानपणी विचारायची, आये, तू का येत न्हाईस? आई म्हणायची, बाप गेलाय ना घरातला, झालं. तेव्हा कळलं न्हाय मला. आता कळतंय आणि डोकं तापतंय.

लग्न होऊन नागावला आले. आमचे हे सुतार, आधी होड्या दुरुस्त करायचे, आता होमस्टेवाल्यांच्या खाटा आणि झोपाळे करतात. मी पण तिथंच, एका होमस्टेत स्वयंपाकाला, वीस वर्षं व्हत आली. मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणतात, मी पण. घावणे, सुरमई, सोलकढी, सगळं माझ्या हातचं. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या लागतात त्या रविवारी दुपारी निघतात, म्हणजे माझं खरं काम ते तेव्हाच.

तर बारा-पंधरा वर्षांमागं पनवेलहून एक बंधू आले. आम्ही त्यांना बंधूच म्हणतो. आमच्या ओटीवर बसून शास्त्र उघडलं आणि म्हणाले, शमुवेलभाऊ, देवानं सातवा दिवस पवित्र केला, सातवा म्हणजे शनवार, रविवार माणसांनी काढला, तुम्ही आयुष्यभर चुकीच्या दिवशी देवळात गेलात. आमचे हे पांढरेफटक पडले. मग गावातले रविवारवाले पाळक आले समजवायला, प्रभू रविवारी मरणातून उठला, जुनं नियमशास्त्र संपलं. बंधू म्हणाले, मग देवाच्या दहातल्या नऊ आज्ञा धरायच्या आणि एकच सोडायची व्हय? चोरी करू नका ते चालू आणि शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेवढा बंद? पाळक म्हणाले, प्रभूनंच शब्बाथाच्या दिवशी आजारी बरे केले. बंधू म्हणाले, बरे केले, दिवस न्हाय मोडला. असं चार महिने चाललं, दोघं आमच्याच ओटीवर, आणि चहा कुणाचा? माझा. शनवार का रविवार ते ठरेना, पण चहा कुणी करायचा ते दोघांचं ठरलेलं व्हतं.

शेवटी आमचे हे शनवारवाले झाले, म्हणजे मी पण झाले. मला कुणी विचारलं न्हाय. आणि खोटं का बोलू, बंधूंचं म्हणणं मला पटलं व्हतं. माझी सासू सांगायची ना, तिच्या लहानपणी शेजारी शनवारतेल्यांचं घर व्हतं, ज्यू लोक ते, इथलेच, आपल्यासारखेच बोलायचे. शनवारी त्यांचा घाणा बंद, बैल सुटलेला, चुलीत धूर न्हाय, आणि तेलीण नवं लुगडं नेसून हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसलेली. सासू म्हणायची, आख्ख्या आळीत तेवढी एकच बाई मी बसलेली बघितली. मला वाटलं, आता मी पण बसणार. मी वहिनींकडं गेले, भीत भीत म्हटलं, मला शनवारी सुट्टी पायजे. ऐन गर्दीचा दिवस! पण वहिनी म्हणाल्या, शांते, तुझ्या देवाचा दिवस हाय ना, घे तू, मी बघते कसं करायचं ते. हिंदू बाई हो. तिनं दिली सुट्टी.

आणि आमच्या लोकांनी ती खाल्ली.

सभा आमच्याच घरी भरायला लागली. अलिबाग, चौल, रेवदंडा, इकडून तिकडून पंचवीस-तीस माणूस. लांबून आलेले, जेवल्याशिवाय कसे जाणार? शब्बाथाला विस्तव पेटवायचा न्हाय, म्हणून सगळं शुक्रवारी करायचं, सूर्य बुडायच्या आत. शास्त्रात मना हाय म्हणून कोळंबी बंद, तिसऱ्या बंद, खेकडा बंद, खवल्याचीच मासळी पायजे. इथल्या उकाड्यात आदल्या दिवशीचा भात वास मारतो, म्हणून दुधात मळलेल्या साठ-सत्तर दशम्या, बटाट्याचं सुकं, तळलेली सुरमई. होमस्टेतून चारला सुटायचं, घरी येऊन पदर खोचायचा. आणि आमचे हे काय करायचे? दारात उभे राहून सुरूच्या झाडांमधून सूर्य बघायचे. आतून मी दशम्या लाटतेय आणि बाहेरून आवाज, अगं आटप, टेकला. अगं, अर्धा गेला. एकदा म्हटलं, जरा धरून ठेवा त्याला! तर म्हणतात, देवाची थट्टा करतेस?

शनवारी वाढायचं, दुसऱ्यांदा वाढायचं, बायामाणसांची पोरं सांभाळायची, मग रहाटाजवळ बसून पंचवीस ताटं. दोन बाया हात लावायच्या, बाकी पुरुष ओटीवर विश्रांती या विषयावर बोलत. विश्रांतीवर! आणि रविवारी सकाळी सहाला मी परत होमस्टेत, कारण शनवार घेतलाय ना मी. गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातनं एक दिवस तरी पाय वर घेऊन बसा. मी हसले त्यांच्यासमोर.

मागच्या वर्षी एका शनवारी वहिनी आंब्यांची पिशवी घेऊन मागच्या दारानं आल्या. मी ताटं घासतेय, घाम गळतोय, पुढून गाणी चाललीत. वहिनी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, शांते, ही तुझी सुट्टी? अगं, माझ्याकडं निदान पंखा तरी हाय.

ते वाक्य लागलं मला. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मी ओल्या हातानंच पुढं गेले. दर शनवारी ती शब्बाथाची आज्ञा वाचतात, पाठ झाली माझी. म्हटलं, बंधू, एक विचारायचं हाय. यात लिहिलंय की तू काम करू नको, मुलानं करू नये, मुलीनं करू नये, गड्यानं, मोलकरणीनं, गुराढोरांनी, दाराशी आलेल्या परक्यानं पण करू नये. बैलाचं नाव हाय. बायकोचं कुठंय? आमचे हे माझ्याकडं बघतायत डोळे वटारून. बंधू गोड हसले आणि म्हणाले, बहीण, नवरा-बायको देवापुढं एकच. त्यानं विसावा घेतला म्हणजे तुम्हीही घेतलात.

ऐकलंस? असं बोलला तो माणूस, माझी सुरमई खाऊन.

पुढच्या शुक्रवारी मी सगळं केलं, दशम्या, मासळी, लोणचं, झाकून ठेवलं, कुणी उपाशी ठेवलं म्हणायला नको. शनवारी न्हाले, चांगलं लुगडं नेसले आणि पुढच्या चटईवर भिंतीला टेकून पाय लांब करून बसले. उपदेश संपला. सगळे हात धुऊन बसले. कुणी वाढेना. आमचे हे म्हणाले, अगं, ऊठ. मी बसलेली. परत म्हणाले, लोक थांबलेत, ऊठ ना! मी म्हटलं, आपण एकच ना हो? तुम्ही वाढा, म्हणजे मी वाढल्यासारखंच झालं.

रेवदंड्याची म्हातारी मार्थामावशी फस्सकन हसली, तिचे दात न्हाईत, सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दोन बाया उठायला लागल्या व्हत्या, त्या पण खाली बसल्या. मग बंधू पातेल्याचं झाकण हातात धरून उभे, ते कुठं ठेवायचं कळेना. आमच्या ह्यांना स्वतःच्या घरातली ताटं सापडेनात. त्या दिवशी कुणाला दशमी दोनदा मिळाली, कुणाला मासळीच न्हाय. खरकटं दिवसभर पडून राहिलं, माशा घोंगावल्या. सूर्य बुडाल्यावर मी माझं एक ताट घासलं. बाकीची ह्यांनी, आपटून आपटून, अजून दोन ताटांना पोचे हायत.

बंधूंनी सभा हलवली. म्हणाले, शमुवेलभाऊंच्या घरात शिस्त न्हाय. आता चौलला भरते, तिथली बाई शुक्रवारी माझ्यासारखीच धावते. मी तिला फोन केला, म्हटलं, बस तू पण. ती म्हणाली, काकी, मला सासू हाय.

रविवारवाले पाळक मध्ये भेटले, म्हणाले, आता तरी परत या आपल्या देवळात. मी विचारलं, सुगीच्या सणाला तिथं जेवण कोण करतं? ते म्हणाले, महिला मंडळ. मी म्हटलं, मग राहू द्या.

तू विचारलंस ना, ख्रिस्ती माणसानं शनवार पाळावा का? पाळावा. मी पाळते. देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी बसला, त्यानं कुणाला वाढायला न्हाय सांगितलं. वार कुठला ते पुरुषांनी भांडत बसावं, मला एवढंच कळतं की ज्या घरात एक माणूस उभं हाय तिथं शब्बाथ झालेला न्हाय.

आमचे हे माझ्याशी दोन महिने बोलले न्हाईत. आता बोलतात, कामापुरतं. शनवारी केळं-पाव खातात. आज शनवारच हाय. ऐक, आत डबे वाजतायत, तुला सरबत करायला गेलेत, आता विचारतील साखर कुठंय. विचारू दे. देव तुला असा एक दिवस देवो बाय, आणि तो कुणाजवळ मागायला न लागो. उठू नकोस तू. त्यांना सापडेल.