नवा पतंग आणि सासूबाईंची खिडकी

…आणि घरातल्या एकाने, अहो निदान एकाने तरी विचारावं की नाही, की येर्को, बाबा, नवा पतंग कसा वाटला? छे! नाव नाही! माणूस वसंतापासून वाट बघतो, शेवटी एकदाचा पतंग घेतो, पोरांचा कागदी नव्हे हं, फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढत नेणारा, समुद्रावर उडवून येतो, आणि घरात पाऊल टाकल्यावर सासूबाई काय विचारतात? "गंजी ओली आहे का?" आणि बायको? "वाक बघू खाली!" अरे, मी काय बाजारातला घोडा आहे? म्हणून म्हटलं, आज सगळे इथे सभागृहात जमलाच आहात, तर तुम्ही तरी ऐकून घ्या. तुम्हाला सांगतो, असा पतंग… पण थांबा, पतंगाचं सांगायचं तर आधी खिडकीचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय यातली गोम तुम्हाला कळायची नाही.

आता आमच्या नेरेत्वा नदीच्या मुखाशी वारा म्हणजे काय, तुम्हाला मी सांगायला नको. दुपार झाली की समुद्रावरून माएस्त्राल सुटतो, अगदी नोकरीला असल्यासारखा, आणि संध्याकाळ झाली की घरी जातो. त्या वाऱ्यासाठी जर्मन येतात, पोलंडवाले येतात, गाड्यांच्या टपावर फळ्या बांधून येतात… आणि आमच्या घरात? आमच्या घरात वारा म्हणजे साक्षात मरण! तोही साधा वारा नाही हं, खिडकीतून आत येतो आणि समोरच्या दारातून बाहेर जातो, तो. प्रोपुह! सासूबाई हा शब्द उच्चारायच्या आधी छातीवर क्रूस काढतात. त्यांच्या मते आमच्या ओपुझेन गावात आजवर जेवढी माणसं गेली ती सगळी प्रोपुहने गेली. कुणाचं हृदय बंद पडलं? प्रोपुह. कुणी मोटारसायकलवरून पडला? "पण आदल्या दिवशी तो बसमध्ये दोन उघड्या खिडक्यांच्या मधे बसला होता, मी या डोळ्यांनी पाहिलंय!" काय बोलणार? ऑगस्टच्या उकाड्यात, भिंतींनासुद्धा घाम फुटतो अशा उकाड्यात, आम्ही खिडक्या लावून गरम रस्सा ओरपतो! लग्न झाल्यापासून मी या बाईंशी भांडतोय. बारशाला भांडलोय, मयताला भांडलोय, की आई, प्रोपुह नावाचं काही नसतं, आल्प्सच्या पलीकडे कुणी त्याचं नावही ऐकलेलं नाही, आणि तिकडची माणसं जगतात! तर म्हणतात, "जगतात हो, पण दिसतात कशी ते बघा ना, जावईबापू." ते असो. मी पतंगाबद्दल सांगत होतो.

जुना पतंग माझा, तुम्हाला सांगतो, पतंग नव्हताच तो, माजलेला बैल होता. आभाळात गेला की त्याला वाटायचं, खाली दोऱ्यांना हे जे ओझं बांधलंय ते कुठेतरी टाकून द्यावं. आणि टाकलंच! वसंतात एका झोताबरोबर उचलला मला, फळी एकीकडे, मी एकीकडे, आणि आपटला थेट लव्हाळ्यात, बेडकांच्या मधोमध. कंबर अशी धरली, अशी धरली, की संत्र्यांच्या अख्ख्या बागेची छाटणी दिंकाने एकटीने केली. दिंका म्हणजे माझी बायको. मी पलंगावर उताणा, आणि ही बाहेर शिडीवर. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! छाटणी संपली तेव्हा तीच मोठी कात्री घेऊन आली, जुना पतंग अंगणात पसरला, कापला, आणि लिंबाच्या झाडाला पांघरूण म्हणून बांधला. थंडी कधीच सरली होती, पण मुद्दा थंडीचा नव्हताच. मग मला म्हणाली, "येर्को, नवा घ्यायचा तर घे. माझी ना नाही. पण तो उडवून ज्या दिवशी वाकडा होऊन घरी येशील ना, त्या दिवशी तो दुसऱ्या लिंबावर. कळलं?" कळलं की. न कळून सांगतो कुणाला! आमच्या अंगणात दोन लिंबं आहेत, आणि दुसरं अजून उघडंच आहे.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यावं माणसाने. चौपन्नाव्या वर्षी कशाला हवीत ही थेरं? सगळे हेच म्हणतात. पण तुम्हाला सांगतो, दिवसभर माझं काय? मुळं बघ, पाण्याचा पंप बघ, कालव्यातला गाळ बघ. जन्म सगळा खाली बघण्यात गेला. दुपारी तेवढं वर बघायचं. तेही गेलं, तर आपण म्हातारे झालो हे मला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. ते मला नको होतं. बस, एवढंच.

म्हणून गेलो प्येरोकडे. वाळूवर त्याची झोपडी आहे, तो पतंग विकतो, शिवून देतो, आणि शिकणाऱ्यांवर ओरडतो. त्याला माझ्या बोटीचं इंजिन दिलं, त्याने हा पतंग दिला. म्हणाला, "उडव, आणि पहिलं मत मला सांग." बघा, तो परका माणूस विचारतो! घरून निघताना सासूबाई दारात उभ्या. "गंजी?" "आई, पाण्यात चाललोय, ओलाच होणार…" "म्हणूनच! गंजी!" घातली. वाळूवर पोचलो की काढायची, परत निघताना समुद्रात बुचकळायची आणि अंगात घालायची, म्हणजे पाण्यात अंगावरच होती असं ठरून तपासणीत पास. वर्षानुवर्षं हे असंच चाललंय. ते असो. मी पतंगाबद्दल सांगत होतो.

तर पतंग! आता मात्र पतंगच! रंग कसा, तर काकडीच्या गरासारखा, असून नसल्यागत. पुढची कड पंपाने फुगवली, दोऱ्या लावल्या, कमरेच्या पट्ट्याला दांडा अडकवला. प्येरोने तो उभा धरला, मी हात केला, त्याने सोडला… आणि मी डोळे मिटले. हो! सवयीने! आता हिसका बसणार, म्हणून दात आवळून, गुडघे घट्ट करून उभा… आणि काही नाही. अहो, काहीच नाही! मला वाटलं दोऱ्याच तुटल्या. हळूच एक डोळा उघडला, तर हा वर, डोक्यावर, निवांत… जसा काही पहिल्यापासून तिथेच राहायला होता. फडफड नाही, आदळआपट नाही. जुना नुसत्या शिव्या घालायचा वरून. मी दांडा बोटभर ओढला, तर हा जणू म्हणतो, "निघायचं का?" मी म्हटलं, "चल बाबा." आणि फळीवर मी उभा कधी राहिलो, किनारा मागे कधी पडला, काही म्हणजे काही कळलं नाही.

आमच्याकडे दुपारची माणसाला फ्याका चढते. आळस नव्हे हं! आळशाला निदान झोप तरी हवी असते. फ्याका चढलेल्याला काहीच नको असतं. भूक नको, झोप नको, पैलतीर नको, जे आहे ते आहे… बस. मला ती झाडाखाली चढलीय, चर्चमध्ये प्रवचन ऐकताना चढलीय, पण भर वाऱ्यात, पाण्यावर, उभ्या उभ्या? कधीच नाही! तुम्हाला सांगतो, खाली गुडघाभर पाणी, तळाची वाळू दिसतेय, तिच्यावर लाटांच्या सुरकुत्या, त्या सुरकुत्यांवरून माझी सावली चाललीय, आणि तिच्या पुढे पतंगाची सावली, आणि दोघींना कसली म्हणून घाई नाही. डोंगर उन्हात फिकट पडलेले. मागे आमच्या बागा, त्यांच्यात कुठेतरी आमचं घर, बंद खिडक्यांचं. मनात आलं डावीकडे वळावं, तर वळलेलोच होतो! ढील दिली तर रुसवा नाही, ओढलं तर हट्ट नाही. एक मोठा झोत आला, मी म्हटलं, मेलो, आता लव्हाळं… तर तो झोत त्याने वरच्यावर पिऊन टाकला, मला कळूसुद्धा दिलं नाही. आणि मग त्याने मला उचललं. माझ्या मनात नव्हतं हो उडी मारायचं! पण झोपलेल्या पोराला आपण पलंगावर न्यायला उचलतो ना, तसं अलगद उचललं, आणि तसंच ठेवलं खाली. कंबर? कुठली कंबर? मला कंबर आहे हेच मुळी आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. समुद्राचं नाही, माझं स्वतःचं. रडलो मी, तुमच्यापाशी काय लाजायचं… वाटलं, नाही, आपलं संपलेलं नाहीये अजून.

आणि नजर? वर! सगळा वेळ वर! आता पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की पतंगाकडे बघायचं नाही, पुढे बघायचं. प्येरो किनाऱ्यावरून बोंबलतोय, "येर्को! पुढे बघ, गाढवा! वर काय बघतोस नवशिक्यासारखा? पुढे!" मला ऐकू येतंय, कळतंय, पण मान खाली यायलाच तयार नाही. पुढे काय, तर पाणी. पाणी काय, जन्मापासून बघतोय! मी आपला वर बघत गेलो, वर बघत आलो, पुन्हा गेलो… माएस्त्राल थकला, सूर्य बेटांच्या मागे उतरला, तरी मी वरच. शेवटी पतंगच सावकाश खाली आला, पाण्यावर टेकला, मी त्याची घडी काखेत मारली आणि पाण्यातून चालत किनाऱ्याला आलो. प्येरो म्हणतो, "हं, बोल. पहिलं मत?" मी तोंड उघडलं… आणि म्हटलं, "छान आहे." तो म्हणाला, "छान? अरे, इंजिन देऊन बसलास, आणि छान?" मान जराशी आखडल्यासारखी वाटत होती. पण मान म्हणजे काही कंबर नव्हे, मी लक्ष दिलं नाही.

घरी आलो तो कसा? ताठ! अंगणातून दोन्ही लिंबांच्या मधून असा चालत आलो, की बँडच काय तो वाजायचा बाकी होता. सासूबाई संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या, जाता जाता गंजी चाचपली, पास. दिंका दारात. "वाक." वाकलो. "बस." बसलो. "ऊठ." उठलो. "वळ." वळलो. पास! अहो, हसली ती, गालाचा मुका घेतला, आणि म्हणाली, "चल, जेव." आत जेवणही काय होतं, वाम माशाचा आणि बेडकांचा लालभडक रस्सा, मक्याच्या पिठाची उकड, आणि उकाडा असा की डोळ्यांत घाम जातोय. म्हटलं, सासूबाई चर्चमध्ये, हीच संधी! खिडकी उघडली, समोरचं दार उघडलं, आणि बरोब्बर मधे खुर्ची टाकून बसलो. काय तो वारा… अहाहा! पहिला घास तोंडात घालतोय तोच मागून किंकाळी. "खिडकी!" सासूबाई परत! जपमाळ विसरल्या होत्या. आणि मी, नेहमीप्रमाणे उलट उत्तर द्यायला, मान झटकन वर-मागे टाकली…

कट्‌.

बस. मान तिथेच. वर. हनुवटी आभाळाकडे, नजर छताच्या दिव्यावर. खाली येईना, डावीकडे जाईना, उजवीकडे जाईना. त्या दोघी माझ्याकडे बघतायत, मी दिव्याकडे बघतोय.

दिंका एकच शब्द बोलली. "पतंग." आणि उठल्याचा आवाज आला. कात्री आमच्याकडे दाराच्या मागे टांगलेली असते.

"कसला पतंग?" सासूबाई कडाडल्या. "खिडकी बघ! दार बघ! घामाघूम माणूस, बरोब्बर मधोमध! गावभर ओरडून सांग, हा प्रोपुह आहे, प्रोपुह!"

"आई, तू थांब. दुपारभर वर बघत असणार हा. ओळखते मी याला. येर्को, खरं सांग. कशाने झालं?"

आता सांगा, मी काय करायचं? मला माहीत होतं कशाने झालं! माझ्या मानेला माहीत होतं, प्येरोला माहीत होतं! पण खरं बोललो तर तो पतंग, तो झोत पिऊन टाकणारा, मला पोरासारखा उचलणारा पतंग, उद्या सकाळी दुसऱ्या लिंबावर. आणि खोटं बोललो तर… बारशापासून मयतापर्यंतची माझी सगळी भांडणं, आल्प्सच्या पलीकडची सगळी माणसं, सगळं पाण्यात! मी त्या दिव्याकडे बघितलं. दुसरीकडे बघताच येत नव्हतं. आणि माझ्या या तोंडाने मी म्हटलं,

"प्रोपुह, आई."

तुम्हाला सांगतो, सासूबाई मटकन खाली बसल्या. मला दिसलं नाही, खुर्ची करकरली त्यावरून कळलं. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक, "काय म्हणालात, जावईबापू? पुन्हा म्हणा." "प्रोपुह." "दिंके, ऐकलंस? तुझे वडील गेले तेही हे कबूल न करताच गेले…" आणि रडल्या हो! आनंदाने! मग घरी गाळलेली राकिया दारू आणली, स्वतःच्या हाताने माझी मान चोळली, लोकरीची गळपट्टी गुंडाळली, ऑगस्टात! दिंका माझ्या कानाशी आली. "येर्को." "हं." "प्रोपुह?" "प्रोपुह, दिंका." मग तिचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ती तोंडावर पदरासारखा अ‍ॅप्रन घेऊन बाहेर पळाली. पण कात्री परत टांगल्याचा आवाज मी ऐकला.

मान सुटली आता. पण सासूबाईंनी मला आळीत घरोघर फिरवलं. "सांगा जावईबापू, यांनाही सांगा." सांगितलं! नुसतं सांगितलं नाही, कुठून आला, कसा शिरला, सगळं साभिनय! आता अख्ख्या आळीत एक खिडकी उघडी दिसायची नाही. आमचा पंखा माळ्यावर गेला. न्हाणीघरातल्या झरोक्यात सासूबाईंनी उशी कोंबलीय. आणि गंमत बघा, दुपार झाली की आता त्याच मला हाकलतात, "जा बरं समुद्रावर! मोकळ्या वाऱ्याने काही होत नाही माणसाला. वाईट तो घरातला!" दिंका काय बोलणार? पतंग सुखरूप आहे. लिंबू उघडं आहे. रोज दुपारी वर बघतो… म्हणजे पुढे बघतो, मधूनच वर.

तेव्हा नवा पतंग कसा वाटला, हे जर कुणी मला विचारलं… पण हे बघा, ते तुम्ही, हो, शेवटच्या रांगेतले, ते मागचं दार जरा लावून घ्या ना. नाही हो, मला काही होत नाही. पण सासूबाई आत्ताच येऊन पहिल्या रांगेत बसल्यात, आणि प्रोपुहचा साक्षीदार आता मीच आहे.