झाडाखालचा बाक

थीम पार्कच्या तिकीटखिडकीत गलका ऐकून ऐकून तिकीटवालीचे कान किटले होते, तरी काचेपलीकडच्या नवरा-बायकोचं बोलणं आत येतच होतं.

“चार द्या. यंदा हिचंही काढायचंय.”

“माझं कशाला? दरवर्षीसारखी बसते की बाहेर. तेवढंच तिकीट वाचतं.”

“दरवर्षी तुझंच का वाचवायचं? मागच्या खेपेला परत आलो तर बाकावर बॅगा उशाशी घेऊन झोपली होतीस. पोटात तुटलं माझ्या.”

“झोपले होते खरी. छान लागली होती.”

“काहीतरीच तुझं!”

“आणि डबे? ते आत नेऊ देत नाहीत. सांभाळणार कोण?”

“लॉकर घेतलाय.”

“लॉकर? अहो, उगाच खर्च! शिवाय मला ते पाळणे सोसत नाहीत.”

“बसलीस कधी? मग कळलं कसं?”

“आई, चल ना गं!”

“साहेब, चार की तीन? मागे रांग खोळंबलीय,” तिकीटवाली म्हणाली.

“चारच.”

नवरा पोरांना घेऊन पुढे झाला. बायकोनं तिकीट उचललं, झाडाखालच्या बाकाकडे एकदा बघितलं आणि काचेपाशी वाकून हळूच विचारलं,

“ताई, आत कुठं एकटीला बसायला जागा आहे का हो?”