डिकीवरचा हात

समीहा : तिकडूनच बघा, अबू गिहान! हात नाही लावायचा. पॉलिश अजून ओलं आहे.

शौकी : अगं, मशिदीतून येताना मला वाटलं, गल्लीच चुकली. ही आपली फियाट? हिच्यात तर माझी दाढी दिसतेय. तीही पिकलेली.

समीहा : आहे तशीच दिसतेय. आणि इथे सावलीत ढकलवून घेतली मी. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश चोळलं तर धब्बे उमटतात. आधी भरपूर पाण्यानं धुतली, पक्ष्यांची घाण ओल्या फडक्यानं भिजवून काढली, मग फ्लॅनेलनं चोळत बसले.

शौकी : फ्लॅनेल कुठून आलं?

समीहा : तुमचा जुना पायजमा. ओरडू नका, गुडघ्यावर विरला होता.

शौकी : वा! मी रोज सकाळी पुसतो ते मग फुकटच म्हणायचं.

समीहा : तुमचं पुसणं म्हणजे कोरड्या फडक्यानं धूळ इकडची तिकडे. त्या वाळूनं रंगावर ओरखडेच ओरखडे झाले होते. रोज पुसून गाडी अशी करायला पण कसब लागतं हं!

शौकी : बरं बाई, हरलो. पण आज शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी हा उपद्व्याप कशाला?

समीहा : कशाला म्हणजे? चारच्या गाडीनं इस्कंदरियाहून तुमची लेक गिहान येतेय ना! स्टेशनवर बापाची गाडी बघून तिला वाटायला नको, की आईमागं घराची रया गेली.

शौकी : ती असं काही म्हणणार नाही.

समीहा : काहीच म्हणत नाही, तेच तर! आपल्या लग्नानंतर रमजान उलटला, ईद उलटली, पण पोरीनं इकडे पाऊल टाकलं नाही. आज येतेय, तर म्हणे संध्याकाळच्या गाडीनं परत. एक सांगू? ती एक रात्र जरी तिच्या खोलीत झोपली ना, तरी मला वाटेल मी खरंच या घरात आले. नाहीतर मी आपली पाहुणीच.

शौकी : काहीतरीच काय!

समीहा : काहीतरीच नाही. जाऊ दे. इकडे मागं या, गंमत दाखवते. डिकीवर एक मेला डाग होता, जाता जात नव्हता. कुणीतरी पंजाच उमटवला होता जणू. कुण्या पोराचा चिकट हात असणार. पण मीही हट्टाला पेटले. पॉलिशवर पॉलिश लावलं, तेव्हा कुठे बोटं गेली. आता तळव्याचा थोडा भाग नि हा अंगठा... अबू गिहान? काय होतंय? बसा, इथे पायरीवर बसा. पाणी आणू?

शौकी : नको.

समीहा : चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा. काय केलं मी?

शौकी : काही नाही. तुला काय माहीत.

समीहा : काय माहीत नाही मला?

शौकी : तो हात तहीयाचा होता.

समीहा : तहीयाचा? गिहानच्या आईचा?

शौकी : गाडी घेतली तेव्हा दारात मेंढा कापला होता. तिनं रक्तात हात बुडवला आणि डिकीवर ठेवला, गाडीला नजर लागू नये म्हणून. सगळेच ठेवतात. लोक लगेच धुऊन टाकतात, मी म्हटलं, राहू दे आजचा दिवस, छान दिसतोय. ऐन ऑगस्टचं ऊन. दुसऱ्या दिवशी धुतलं तर रक्त गेलं, पण हात रंगात उतरला होता.

समीहा : या अल्ला! आणि मी चोळत बसले. गाणं गुणगुणत चोळत बसले हो!

शौकी : रडू नकोस. चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं.

समीहा : मग का नाही सांगितलंत? तिचा फोटो मी स्वतः पुसते. तिच्या पेल्यातून कधी चहा प्याले नाही. मग एवढंच का लपवलंत?

शौकी : काय सांगू? की पुसायचं निमित्त करून मी रोज सकाळी त्या हातावर हात ठेवतो? नवीन बायकोला सांगायची गोष्ट आहे का ही? तुला काय वाटलं असतं?

समीहा : वाटलं असतं, माणूस चांगला मिळाला. दुसरं काय वाटणार?

शौकी : समीहा...

समीहा : गिहानला ठाऊक आहे ना?

शौकी : लहानपणी स्वतःचा पंजा त्यावर ठेवून बघायची, किती वाढली म्हणून.

समीहा : मग संपलंच. आता कसली राहते ती! माझं तोंडसुद्धा बघायची नाही.

शौकी : हे बघ, आपण सांगू मीच पॉलिश केलं. बापाला काय, दोन शब्द बोलेल आणि...

(गल्लीच्या तोंडाशी एक टुकटुक रिक्षा थांबून निघून जाते. गिहान रिकाम्या हातांनी चालत येते.)

गिहान : सलाम. आधीची गाडी मिळाली, म्हणून आले. बाबा, पायरीवर का बसलात? आणि या का रडतायत?

शौकी : अगं, काही नाही पोरी. मी जरा गाडीला पॉलिश करत होतो, तर...

समीहा : ते खोटं बोलतायत. तुझ्या आईचा हात मी पुसला. मला माहीत नव्हतं, पण पुसला तो मीच. काय बोलायचं ते मला बोल, त्यांना नको.

गिहान : बघू.

शौकी : गिहान, ऐक ना...

गिहान : बघू तर द्या, बाबा. चारही बोटं गेली?

समीहा : चारही.

गिहान : कशानं?

समीहा : अं?

गिहान : कशानं घालवलीत, विचारतेय. आईनं जिवाचं रान केलं, पण तिच्यानं एक नखसुद्धा निघालं नव्हतं.

शौकी : आईनं?

गिहान : दर शुक्रवारी. तुम्ही नमाजाला गेलात की लिंबू नि मीठ घेऊन ती खाली. मला कोपऱ्यावर उभी करायची. तुम्ही येताना दिसलात की मी जोरात खोकायचं.

शौकी : लिंबू! म्हणून शुक्रवारच्या कोशिंबिरीत लिंबू नसायचं! अगं, मी त्या भाजीवाल्याशी भांडलो होतो, मोजून कमी देतो म्हणून!

गिहान : माहितेय. आम्ही दोघी खिडकीआड तोंड दाबून हसत होतो.

शौकी : पण तिला आवडायचा की तो हात.

गिहान : तुम्हाला आवडायचा. ती म्हणायची, शेजारणी चिडवतात, बाईनं गाडीवर नाही, नवऱ्यावरच शिक्का मारलाय. पण बाबांना सांगू नकोस म्हणायची. त्यांना तेवढंच काव्य जमतं.

शौकी : मला एका शब्दानं बोलली नाही कधी.

गिहान : तुम्ही तरी कुठे काय बोलता कुणाशी?

समीहा : माझी समजूत काढायला तर नाही ना सांगत हे?

गिहान : तुमची समजूत काढायला इस्कंदरियाहून कोण येतंय! ...बाबा, अंगठा केवढासा आहे हो. माझ्या आठवणीत आईचा हात चांगला मोठा होता. इकडे बघू नका दोघंही, मला रडू येतंय.

शौकी : ये, बस इथे माझ्याजवळ.

समीहा : आता मी काय करू ते सांगा. तिलाच नको होता, तर उरलेला काढून टाकते.

शौकी : काढ. ...नाही. थांब. ‘काढ’ म्हणवत नाही मला, समीहा.

समीहा : मग राहू दे. मी कडेकडेनं पुसत जाईन. सगळा जन्म शिवणकामात गेला माझा, रेघेच्या अलीकडे हात थांबवता येतो मला.

गिहान : कायम? दर वेळी असं जपून जपून पुसणार तुम्ही?

समीहा : अंगठ्याएवढी तर जागा, बाळा. तेवढी तिची असायलाच हवी.

गिहान : बाबा...

शौकी : काय गं?

गिहान : कोपऱ्यावरच्या दुकानात माझी बॅग ठेवलीय, तेवढी घेऊन या. आणायची की नाही ते इथे येऊन ठरवू म्हटलं होतं. सांभाळून उचला, जड आहे. आठवडाभराचे कपडे आहेत.